तलावातला गाळ आणि तो आणून देणारे: दोन हंगामांनंतरचा अनुभव

गाळाला पाचपैकी साडेचार, तो काढून आणून देणाऱ्या पहिल्या ठेकेदाराच्या कामाला अडीच. एकाच व्यवहाराला दोन वेगळे आकडे का, ते सांगतो.

धुळ्याहून साक्रीकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला लहानसा पाझर तलाव आहे, १९७२ च्या दुष्काळात बांधलेला. माझी आई त्या कामावर पाट्या वाहायला होती आणि तिथे मिळालेल्या सुकडीची चव ती अजून सांगते. पाझर तलावाचं काम पाणी साठवून ठेवणं नव्हे, ते जमिनीत मुरवणं. पण वरून वाहून आलेली बारीक माती तळाला लिंपण घातल्यासारखी बसते, छिद्रं बुजतात, आणि तलावात पाणी दिसत असूनही पाळीखालच्या विहिरी कोरड्या पडतात. आमचं तेच झालं होतं. गाळ काढणं भागच होतं.

दोन वर्षांपूर्वी आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर मी माझ्या मुरमाड एकरात ८० ट्रॉल्या टाकल्या. एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास, १०० घनफूट. भरून, वावरात पोच ३५० रुपये, एकूण २८ हजार. एकरभर पसरल्यावर जेमतेम दोन इंचांचा थर झाला, त्यामुळे दहा-वीस ट्रॉल्यांत जमीन बदलेल असं समजू नका. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अल्पभूधारकाला एकरी १५ हजारांपर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकरांचे ३७,५०० रुपये अनुदान असतं. माझ्या नावावर साडेसहा एकर, म्हणून मी त्यात बसलो नाही. तुमचा सातबारा लहान असेल तर आधी ते बघा.

आता गाळाबद्दल. पहिल्या वर्षी ऑगस्टात अठरा दिवस पावसाने दडी मारली. शेजारच्या तुकड्यातली कपाशी दुपारी मान टाकायची, या एकरातली उभी राहायची. आधी इथे चार क्विंटलच्या वर कापूस निघत नव्हता, दुसऱ्या वर्षी साडेसहा निघाला. अर्धा गुण कापला तो लव्हाळ्यामुळे. गाळाबरोबर त्याच्या गाठी आल्या आणि निंदणीच्या मजुरीने पहिल्या वर्षी कंबर मोडली. आणखी एक, वरचा काळा गाळच घ्या. यंत्र खोल गेलं की पिवळसर चिकणमाती लागते, ती वावरात पडली की विटेसारखी भाजते. माझ्या शेवटच्या पंधरा ट्रॉल्या तसल्या होत्या, ती जागा अजून ओळखू येते. चुनखडी किती आहे ते माती परीक्षण करून आधीच कळलं असतं, मी घाई केली. ढेकळं लगेच फोडत बसू नका, पहिल्या पावसात ती आपोआप विरघळतात, मग वखर मारा.

आता काम करणाऱ्याबद्दल. ट्रॉल्या सुरुवातीला काठोकाठ भरलेल्या, तिसऱ्या दिवसापासून पाऊण. हे मी विसरलो असतो. तलावात जे केलं ते विसरता येत नाही.

आमच्या तलावात भोई समाजाची घरं मासेमारी करतात, त्यांच्या सहकारी संस्थेकडे ठेका आहे. पावसाळ्यात ते कटला, रोहू, मृगळाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतात आणि दिवाळीनंतर जाळी लावतात. उन्हाळ्यात पाणी आटत आटत पाळीजवळच्या डोहात येतं, मोठे मासे तिथेच तग धरतात. यंत्र आत उतरावं म्हणून गाळ काढणाऱ्या ठेकेदाराने डिझेल पंप लावून दोन रात्रींत तो डोह उपसला. कुणाला विचारलं नाही. सकाळी चिखलात मासे तडफडत होते. ज्यांना मी लहानपणापासून आप्पा म्हणतो ते भोईवाड्यातले म्हातारे पाळीवर बसले होते. मला म्हणाले, “तुन्हं वावर पिकी, भाऊ, पन मन्हा मासा ग्यात.” मला उत्तर देता आलं नाही. त्या डोहातला गाळ माझ्याच वावरात येत होता.

दुसरी चूक काठाची. गाळ काढून झाल्यावर दोन पुरुष खोल उभा काप तसाच सोडला. ठेलारी मेंढपाळ उन्हाळ्यात दरवर्षी आमच्या शिवारात मुक्कामाला येतात, मेंढ्या तलावावर पाणी पितात आणि रात्री वावरात बसतात. त्यांच्या लेंडीखताची किंमत शेतकऱ्याला सांगायला नको. त्या वर्षी मेंढ्यांना पाण्यापर्यंत उतरता येईना, एक कोकरू कापावरून पडून मेलं. तिसऱ्या दिवशी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मुक्काम, उठला. एवढ्या पैशाचा गाळ आणला आणि फुकट मिळणारं खत घालवलं. शिवाय यंत्र पाळीच्या अगदी पायथ्याला लागलं होतं. तिथे खोदलं तर पाळीखालून पाणी झिरपायला लागतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तरी गाळ काढल्याचा फायदा झाला हेही खरं. पाळीखालच्या माझ्या विहिरीला पूर्वी जानेवारीअखेर तळ दिसायचा, आता मार्चच्या मध्यापर्यंत पाणी पुरतं. हरभऱ्याला शेवटचं पाणी देता आलं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मारुतीच्या पारावर बसलो. भोईवाडा, शेतकरी, ठेलाऱ्यांचे दोघे, आणि शेजारच्या गावचा एक ट्रॅक्टरवाला. डोहाला हात लावायचा नाही, पाळीपासून लांब राहायचं, काठ उतरता ठेवायचा, रोहिण्या लागायच्या आत यंत्र बाहेर, असं ठरलं. उतार काढायला यंत्राचे तास वाढतात म्हणून त्याने ट्रॉलीला ४२० रुपये सांगितले. मी एका शब्दाने घासाघीस केली नाही. त्याच्या कामाला मी साडेचार देतो. अर्धा कापला, कारण रात्री अकरानंतरही ट्रॅक्टर गावातून जायचे आणि लेकरं झोपायची नाहीत.

यंदा उरलेल्या दीड एकरासाठी त्यालाच सांगितलं आहे. आप्पा म्हणाले, डोहाच्या कडेने चार बांबू रोवून ठेवतो, यंत्रवाल्याला त्यांच्या अलीकडेच थांबव.