थॉनी एडिटर: लिस्टचं प्लस आणि गुणिले शेवटी डोळ्यांनी दिसलं

मुलगी अकरावीला, सीबीएसई, कॉम्प्युटर सायन्सला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. लेखी आणि प्रॅक्टिकलच्या मार्कांची बेरीज करायला तिने दोन लिस्ट (चौकोनी कंसातल्या याद्या) घेऊन [40, 35] + [8, 9] लिहिलं, हवं होतं [48, 44] आणि आलं [40, 35, 8, 9]. क्लासमध्ये विचारलं तर लिस्टला प्लस म्हणजे जोडणं, पाठ कर, एवढंच उत्तर. पाठ झालं पण डोक्यात काही शिरलं नाही.

मग थॉनी टाकलं, म्हणजे पायथन लिहून चालवून बघायचा प्रोग्राम. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात बनलंय, फुकट आहे आणि पायथन त्याच्यासोबतच येतं, वेगळं टाकायला लागत नाही. दिसायला साधंच आहे, पण डीबग (प्रोग्राम एकेक पायरीने चालवणं) लावून एफ7 दाबत गेलं की ओळीतला एकेक तुकडा सोडवून त्याच जागी त्याचं उत्तर दाखवतं, वहीत गणित सोडवतो ना तसं. वजा केलं की सरळ टाइपएरर, कारण लिस्टला वजाबाकी नाहीच.

खरी मजा गुणिलेची, लिस्टला गुणिले 3 म्हणजे आतलं तेच तीनदा. तिने फुल्ली-गोळ्याचा पट केला, पट = [['-'] * 3] * 3. मग पट[0][0] मध्ये, म्हणजे पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात (पायथन शून्यापासून मोजतं), फुल्ली टाकली तर तिन्ही ओळींच्या पहिल्या घरात फुल्ली! पोरगी अर्धा तास आपलीच चूक शोधत बसली, मला खरंच वाईट वाटलं. शेवटी व्ह्यू मेनूतून हीप (मेमरीत काय कुठे आहे ते दाखवणारी खिडकी) चालू केलं, तर पटाच्या तिन्ही जागी एकच आयडी, म्हणजे मेमरीतला पत्ता. म्हणजे ओळ एकच बनलेली, तिचाच पत्ता तीनदा लिहिलेला. "अगं आई, ही तर एकच ओळ आहे!" असं ती ओरडलीच. मग फॉर लूपने (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) प्रत्येक ओळ वेगळी बनवली, तीन आयडी वेगळे दिसले आणि फुल्ली जागेवर बसली.

तिथेच अजून एक कळलं, अ मध्ये लिस्ट ठेवून ब = अ करून ब += [4] केलं तर अ पण बदलतो, आणि ब = ब + [4] केलं तर नवी लिस्ट तयार होते, अ तसाच राहतो. हे नुसतं तोंडी सांगून कुणालाही पटणार नाही, मला तरी पटलं नसतं.

शिकणाऱ्या पोरांसाठी माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त हीप आपोआप दिसत नाही, ते पहिल्याच दिवशी चालू करून द्या.