अल्पकालीन गॅमा किरण स्फोट: फर्मी की स्विफ्ट?

दोन सेकंदांहून कमी टिकणाऱ्या, बहुधा न्यूट्रॉन ताऱ्यांसारख्या अतिघन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून होणाऱ्या गॅमा किरण स्फोटांवर प्रकल्प करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने दोन अवकाश दुर्बिणी असतात: २००४ साली सोडलेली स्विफ्ट आणि २००८ साली सोडलेली फर्मी. दोन्हींची निरीक्षणे सर्वांना खुली आहेत. त्यामुळे स्फोटाचे स्वरूप तपासायचे आहे की तो कोणत्या दीर्घिकेत झाला हे शोधायचे आहे, ते आधी ठरवावे.

स्फोट टिपण्यात फर्मी निःसंशय सरस आहे. तिच्या स्फोट-निरीक्षकातील सोडियम आयोडाइडचे १२ आणि बिस्मथ जर्मनेटचे २ शोधक, पृथ्वीआड गेलेला भाग वगळता, सगळ्या आकाशावर एकाच वेळी नजर ठेवतात आणि प्रत्येक फोटॉनची (प्रकाशकणाची) वेळ २ मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने नोंदवतात. या स्फोटांत उच्च ऊर्जेचे फोटॉन तुलनेने जास्त असतात. ४० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा तिचा पल्ला येथे कामी येतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी आल्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी तिने स्फोट नोंदवला. स्विफ्टच्या दृष्टीने ती जागा तेव्हा पृथ्वीआड होती. मात्र निरनिराळ्या शोधकांतील नोंदींच्या फरकावरून दिशा काढावी लागत असल्याने फर्मीची चूक कित्येक अंशांची असू शकते, आणि तेवढ्या क्षेत्रात दीर्घिका असंख्य असतात.

स्विफ्टचा स्फोट-शोधक एका वेळी आकाशाचा जेमतेम नववा हिस्सा पाहतो आणि त्याचा मुख्य पल्ला १५ ते १५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच आहे. पण शिशाच्या तुकड्यांच्या जाळीची सावली कशी पडली, यावरून तो काही कलामिनिटांपर्यंत (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जागा सांगतो, आणि यान साधारण मिनिट-दोन मिनिटांत स्वतःच त्या दिशेला वळून क्ष-किरण दुर्बीण रोखते. मे २००५ मधील ‘०५०५०९बी’ या स्फोटानंतर तिला अवघे ११ फोटॉन मिळाले, तरी तेवढ्यावरून एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेजवळ बोट ठेवता आले. अशा स्फोटाची मागे उरणारी क्ष-किरण दीप्ती तेव्हा प्रथमच सापडली.

भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहावरील, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा असलेले उपकरण ध्रुवीकरण (किरणांच्या कंपनाची दिशा) मोजते. पण त्यासाठी भरपूर फोटॉन लागतात, म्हणून पहिल्या प्रकल्पासाठी मी ते सुचवणार नाही.

कालरचना आणि वर्णपट हवा असल्यास फर्मी घ्यावी. अंतर आणि यजमान (म्हणजे स्फोट झाला ती) दीर्घिका हवी असल्यास स्विफ्ट. वेळ असेल तर दोघींनी टिपलेले मोजके स्फोट निवडावेत, आणि दोन सेकंदांची मर्यादा काटेकोर मानू नये: ‘२११२११ए’ हा स्फोट सुमारे ५० सेकंद चालूनही विलीनीकरणाची चिन्हे दाखवून गेला.