कुत्र्याचा आरोग्य विमा: काही महिने वापरल्यावर

घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी पॉलिसीतलं ओपीडीचं कलम वाचा, हप्ता नंतर बघा. पुण्यात पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात रांग लागते ती टिक फिव्हरची, म्हणजे गोचिडांमुळे येणाऱ्या तापाची. त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताची स्लाइड, शंका राहिली तर पीसीआर. एर्लिकिया (या तापाचा एक जंतू) निघाला तर साधारण चार आठवडे डॉक्सीसायक्लिन आणि प्लेटलेट चढल्या का हे बघायला पुन्हा सीबीसी. ॲडमिट करायची वेळ सहसा येत नाही. त्यामुळे पॉलिसी फक्त शस्त्रक्रिया आणि दाखल होण्यापुरती असेल, तर यातला एक रुपयाही परत मिळत नाही. ओपीडी बहुतेकदा जादा हप्त्यावर, तीही छोट्या मर्यादेची.

लस, जंताचं औषध, गोचिडांची गोळी, दात साफ करणं, नसबंदी हे सहसा बाहेरच. इथे मादी पाळणाऱ्यांनी सावध राहावं. पायोमेट्रात, म्हणजे गर्भाशयात पू झाल्यावर, गर्भाशय बहुतेकदा काढावंच लागतं. बिलावर नुसतं ‘स्पेइंग’ लिहिलं तर नसबंदी समजून क्लेम फेटाळला जाऊ शकतो. निदान स्पष्ट लिहून घ्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडा.

पैसे किती सुटतात? समजा बिल ४०,०००. खाद्य, नोंदणी वगैरे न चालणारे ३,००० गेले, सुरुवातीचे २,००० तुमचे, उरलेल्या ३५,००० वर २० टक्के को-पे, म्हणजे तुमचा हिस्सा. हातात २८,०००. वाईट नाही, पण जाहिरातीतला आकडा डोक्यात धरून बसू नका.

क्लेम अडतो तो कागदावर. डॉक्सीसायक्लिन माणसांच्या मेडिकलमधून घेतलं की काउंटरवरचा पोरगा सवयीने पेशंट म्हणून मालकाचं नाव टाकतो. असं बिल विमा कंपनी कशाला मानेल? कुत्र्याचं नाव आणि डॉक्टरांचं नाव तिथल्या तिथे घालून घ्या. केस पेपरवर १५ अंकी मायक्रोचिप नंबर आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. लसीच्या कार्डावर स्टिकर आणि तारीख हवी. बूस्टर चुकला असेल तर पार्व्हो, लेप्टो अशा लसीने टळणाऱ्या आजारांचा खर्च बहुधा तुमच्याच गळ्यात. आणि डॉक्टरांना हिस्टरी सांगताना ‘कधीपासून’ याचं उत्तर नीट आठवून द्या. ‘अंग खाजवणं जुनंच आहे हो’ असं सहज बोललेलं वाक्य केस पेपरवर उतरतं आणि आजार आधीपासूनचा ठरतो.

कंपनीने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे. तिथे फी लागत नाही. आयकरातली आरोग्य विम्याची वजावट मात्र विसरा, ती माणसांच्याच विम्याला.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारखं मोठं, दोन-तीन वर्षांच्या आतलं कुत्रं असेल तर घ्या, पण सांध्यांचे आनुवंशिक आजार वगळलेत का ते आधी तपासा. म्हाताऱ्या कुत्र्याला नवी पॉलिसी मिळणंच कठीण. त्यापेक्षा हप्त्याएवढी आरडी चालू करा.