देवमाशांवर प्रोजेक्ट करायचाय: बोटीवरून बघायचं की आवाज ऐकायचा?

बडोद्यात झूऑलॉजी करताय आणि डिझर्टेशन देवमाशांवर हवंय, तर आधी एक सांगतो, वेरावळचा व्हेल शार्क यात धरू नका, तो मासा आहे, तो गात नाही, हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) टाकून काही मिळणार नाही.

बोटीवरून सर्वे म्हणजे ठरलेल्या रेषेवर जायचं, दिसला की अंतर नि कोन टिपायचा, फोटो काढायचा. हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या शेपटीखालची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे तोच परत आला ते कळतं, आणि संख्या खरी इथूनच निघते. ओमानजवळच्या हंपबॅकचा ८२ हा अंदाज फोटोंवरूनच आलाय. पण बोटीचं भाडं कोण देणार, पावसाळ्यात अरबी समुद्रात जाताच येत नाही, आणि स्पर्म व्हेल पाऊणतास खालीच असला तर तुम्ही वरून निघून जाता, पत्ताही लागत नाही.

हायड्रोफोन रात्रंदिवस ऐकतो, पावसातपण. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो आणि ब्लू व्हेलचं गाणं इतक्या खालच्या पट्टीत असतं की शेकडो किलोमीटरवरून पकडता येतं. लक्षद्वीपला ते असंच रेकॉर्डर ठेवून सापडलं. अडचण मोजण्यात आहे. दांडिया बाजारात आरती लांबून ऐकू येते म्हणून घरात माणसं किती ते कळत नाही ना, तसंच, हंपबॅकमध्ये तर गातात फक्त नर. एक प्राणी तासाला किती वेळा आवाज करतो आणि तुमचा रेकॉर्डर किती लांबचं ऐकतो, हे दोन्ही माहीत असेल तरच आकडा काढता येतो, त्यात जहाजांचा गोंगाट वाढला की ऐकू येण्याचा पल्लाच कमी होतो, मग आवाज कमी मिळाले म्हणजे देवमासे कमी झाले असं बिलकुल लिहू नका.

तरी बडोद्याहून करायचं तर मी आवाजच घ्या म्हणेन. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे बे मधे साधारण ९०० मीटर खोल एक हायड्रोफोन २०१५ पासून चालू आहे, त्याचा डेटा फुकट मिळतो. मूळ रेकॉर्डिंग २५६ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला २ लाख ५६ हजार नमुने, प्रचंड मोठं, ब्लू व्हेलसाठी २ किलोहर्ट्झवालंच उतरवा, लॅपटॉपवर आरामात चालतं. रेकॉर्डिंगमधून देवमाशांचे आवाज शोधायचं पॅमगार्ड सॉफ्टवेअरपण फुकट आहे. स्पीकरवर काही ऐकू येणार नाही, स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघायचा किंवा स्पीड वाढवून ऐकायचं. फक्त गाईडला विषय सांगताना "किती आहेत" नाही, "कोणत्या महिन्यात येतात" असा सांगा, तेवढं या डेटातून नीट सिद्ध करता येतं.