टाइमशिफ्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका बिघडलेल्या ड्रायव्हरनंतर

आपल्याकडे डेस्कटॉप सुरू होईनासा झाला की दुरुस्तीवाला झाकण न उघडताच सांगतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मग प्रिंटर, स्कॅनर, मराठी फॉन्ट, कीबोर्डची मांडणी हे सगळं पुन्हा बसवण्यात शनिवार-रविवार जातो. त्यावर उपाय म्हणून लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिममधलं टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या त्या-त्या वेळच्या स्थितीची प्रत (स्नॅपशॉट) काढून ठेवणारा आणि लागेल तेव्हा सिस्टिम तिथवर मागे नेणारा प्रोग्राम, मी गेले कित्येक महिने चालू ठेवलंय आणि मध्यंतरी त्याची खरी परीक्षाही झाली.

माझा संगणक चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा, म्हणजे विंडोज ११ च्या अटींत न बसणारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे ठरल्यावर मी मिंट २२ टाकलं. टाइमशिफ्ट त्यात आधीपासूनच असतं. मूळ ते टोनी जॉर्ज यांनी लिहिलेलं. २०२२ पासून मिंटचीच मंडळी सांभाळतात. ते सेट केलं नाही तर अपडेट मॅनेजर सारखी आठवण करून देतो. बरेच जण ती पट्टी बंद करून टाकतात. करू नका.

तर झालं असं: एका अपडेटमध्ये नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती जोडीनं आली. कंपनीचा हा ड्रायव्हर कर्नलचा भाग नसतो. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, प्रत्येक कर्नलसाठी आपल्या संगणकावर नव्यानं बांधलं जातं. रीस्टार्ट केल्यावर मिंटचं चिन्ह दिसलं आणि पुढे काळ्या स्क्रीनवर नुसता लुकलुकणारा कर्सर. अशा वेळी पहिला इलाज ग्रबचा, म्हणजे संगणक चालू होताना सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा: सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून मेन्यू आणायचा आणि अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडायचा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. पण इथे ड्रायव्हरच बदललेला असल्यामुळे जुन्या कर्नलवरही तोच कर्सर.

मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबून अक्षरी कन्सोलवर गेलो. ग्राफिक्स मेलं तरी हा कन्सोल बहुधा जिवंत असतो. (तिथे देवनागरी नीट दिसत नाही. मराठी नावाच्या फाइली चौकटी होऊन समोर येतात, त्यामुळे डेटा गेला असं वाटून छातीत धस्स होतं. गेलेला नसतो.) लॉगिन करून सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून टाइमशिफ्टची रिस्टोरची आज्ञा दिली. त्यानं स्नॅपशॉटची यादी दाखवली, क्रमांक विचारला, कुठल्या पार्टिशनवर परत टाकायचं आणि ग्रब पुन्हा बसवायचा का तेही विचारलं. हार्ड डिस्क बराच वेळ घरघरली, संगणक आपोआप रीस्टार्ट झाला आणि आदल्या दिवशीचा डेस्कटॉप समोर आला. वॉलपेपरसकट!

कन्सोलही मिळाला नाही तर मिंटच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावून मिंट लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवायचं, त्यातलं टाइमशिफ्ट उघडायचं, स्नॅपशॉटची डिस्क दाखवायची आणि तिथून रिस्टोर करायचं. तो पेनड्राइव्ह आधीच करून ड्रॉवरमध्ये ठेवलेला बरा. एकुलता एक संगणक बंद पडल्यावर पेनड्राइव्ह करायला शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं.

आता कुरकुरीकडे येतो. टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डरला (जिथे आपल्या स्वतःच्या फाइली असतात) हात लावत नाही, फक्त सिस्टिम मागे नेतं. म्हणून कागदपत्रं, फोटो, सगळं ताजं राहिलं. पण याच गुणातून एक गंमत निघते. ब्राउझर सिस्टिमबरोबर जुना झाला आणि त्याचं प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग वगैरे) मात्र होममध्ये, नव्या आवृत्तीचं. तो उघडेचना, नवं प्रोफाइल करा म्हणू लागला. ब्राउझर पुन्हा अपडेट केल्यावर सगळे बुकमार्क जागेवर होते, पण घाईत एखादा ‘नवं प्रोफाइल’वर क्लिक करून घाबरून जाईल. फॉन्टचंही तसंच. सगळ्यांसाठी म्हणून सिस्टिममध्ये टाकलेले आणि स्नॅपशॉटनंतर आलेले फॉन्ट गेले, होममधले राहिले. आणि सर्वांत मोठा धोका व्हीएआर फोल्डरचा. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस तिथे असतो आणि तो सिस्टिमसोबत मागे जातो. दुकानाचा हिशेब किंवा वाचनालयाच्या नोंदी त्यात ठेवत असाल तर रिस्टोर करण्याआधी त्या वेगळ्या काढून घ्या.

त्यामुळे याला बॅकअप म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. फोटोंसाठी वेगळी व्यवस्था हवीच. आणि स्नॅपशॉट सिस्टिमच्याच एसएसडीवर ठेवले तर एसएसडी गेल्यावर तेही गेले. मी जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या सॅटा केबलवर जोडून तिथे ठेवतो. ती लिनक्सच्या ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट करावी लागली, कारण विंडोजकडच्या एनटीएफएस किंवा फॅट पद्धतीचं पार्टिशन टाइमशिफ्ट घेत नाही. मी वापरतो त्या आरसिंक (फाइली कॉपी करण्याच्या) पद्धतीत न बदललेली फाइल पुन्हा कॉपी होत नाही, जुन्याच फाइलला हार्ड लिंक लागते, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव मिळतं. म्हणून पहिला स्नॅपशॉट अख्ख्या सिस्टिमएवढा आणि पुढचे किरकोळ. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवरची पद्धत याहून कितीतरी वेगवान आहे, पण तिला सबव्हॉल्यूमची (पार्टिशनमधल्या वेगळ्या कप्प्यांची) विशिष्ट नावं लागतात आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात. ती मी घेतली नाही.

वेळापत्रकात रोजचे पाच आणि आठवड्याचे तीन ठेवलेत, तासाचे बंद. तासाचे चालू असताना ऐन कामात डिस्क कुरकुरायची. जुने स्नॅपशॉट पुसायलाही फिरत्या डिस्कवर भलताच वेळ लागतो, एवढं सोसावं लागतं.

रिस्टोरनंतरची एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितलेली दिसते. सिस्टिम मागे गेली की अपडेट मॅनेजरला तोच ड्रायव्हर पुन्हा ‘नवा’ दिसतो आणि तो ताबडतोब हजर करतो. तिथे उजवं क्लिक करून ते पॅकेज दुर्लक्षित यादीत टाकावं लागतं. मी टाकलं. पुढची आवृत्ती आली तेव्हा आधी हातानं स्नॅपशॉट घेतला, त्याच्या टिप्पणीत ‘ड्रायव्हरआधी’ असं लिहिलं, मगच यादीतून पॅकेज काढलं. ती आवृत्ती बिनतक्रार चालली. तो स्नॅपशॉट मात्र मी अजून पुसलेला नाही, कारण हातानं घेतलेले आपोआप जात नाहीत आणि डिस्कवर जागा आहे.