वजनकाट्यापासून सुरुवात करणारा दवाखाना

राजारामपुरीतील ज्या प्राण्यांच्या दवाखान्याविषयी हे लिहीत आहे, त्याचे नाव येथे देत नाही, कारण डॉक्टरांना स्वतःची जाहिरात नको आहे आणि त्यांची ही इच्छा मला मान्य आहे. त्या भागात कुत्रा पाळणाऱ्या कोणालाही विचारले तरी पत्ता सहज मिळतो. साधारण दोन महिन्यांचा असताना सोन्या हे लॅब्रेडॉरचे पिल्लू आमच्या घरी आले. तेव्हापासून लसी, जंतनाशके, आहार, दात, गोचीड अशा सर्व बाबतींत आम्ही याच दवाखान्यात जात आहोत. लॅब्रेडॉर पाळणाऱ्या कोल्हापूरकराला सर्वांत जास्त गरज असते ती घरातल्या लाडाला वेळीच आवर घालणाऱ्या डॉक्टरांची, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि या दवाखान्याची मला सर्वाधिक भावलेली गोष्टही तीच आहे.

येथे तपासणी सुरू होते ती वजनकाट्यापासून. काटा जमिनीलगत बसवलेला आहे आणि पिल्लाचे पाय घसरू नयेत म्हणून त्यावर रबराची चटई घातली आहे. मदतनीस पिल्लाला उचलून ठेवत नाही. ते स्वतःहून चढेपर्यंत थांबतो आणि चढले की शाबासकी देतो, त्यामुळे सोन्या आता दारातून आत येताच आपणहून काट्यावर जाऊन बसतो. आकडा पिल्लाच्या कार्डावर आणि दवाखान्याच्या नोंदवहीत असा दोन ठिकाणी लिहिला जातो. त्यानंतर डॉक्टर बोटे सपाट ठेवून छातीच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवतात आणि मालकालाही तसेच करून पाहायला सांगतात. हात पालथा उघडा धरून त्याच्या पाठीवरून बोटे फिरवली की हाडे जशी लागतात, तशा पिल्लाच्या फासळ्या लागल्या पाहिजेत. मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर ते अशक्त आहे आणि तळहातासारख्या गादीखाली दडल्या तर त्याला जास्त खायला मिळते आहे. ही परीक्षा घरी कोणालाही करता येते. आमच्याकडे ती आता दर रविवारी होते आणि वाटीतल्या खाण्याचे ग्रॅम त्यानुसार ठरतात.

या काटेकोरपणाला ठोस आधार आहे. लॅब्रेडॉर नेहमी भुकेलेला दिसतो, आणि यामागे केवळ सवय नसते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या व्यवस्थेत या जनुकाचे काम महत्त्वाचे असल्याने अशी कुत्री खाण्यामागे अधिक लागतात आणि त्यांचे वजनही अधिक असते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीतल्या ज्या पिल्लाला आपल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले गेले, त्या गटाचे आयुष्य जवळपास पावणेदोन वर्षांनी वाढले आणि सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठू लागली. डॉक्टर हे सारे व्याख्यानासारखे सांगत नाहीत. पिल्लू गुटगुटीत दिसते म्हणून घरचे कौतुक करू लागले, की ते कार्डावरच्या आकड्यांकडे बोट दाखवतात आणि एवढीच माहिती देतात.

कोल्हापुरात हे सांगणे सोपे नाही. जेथे कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणे हा रोजचा परिपाठ आहे, तेथे पिल्लाला दूध देऊ नका हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या गळी उतरणे कठीण असते. माझे वडील पहिल्या भेटीला सोबत होते आणि पिल्लाला सकाळ-संध्याकाळ किती दूध द्यावे, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. डॉक्टरांनी उत्तर दिले, "आबा, दूध तुम्ही प्या की. ह्याला ते पचत नाही, उद्या हगवण लागंल. आणि रश्श्यातली फोड तर अजिबात देऊ नका, त्यात कांदा-लसूण असतोय." आईचे दूध सुटल्यावर पिल्लांच्या पोटात दुधातली साखर पचवणारे विकर कमी होत जाते, हे कारण त्यांनी नंतर समजावून सांगितले, पण वडिलांना पटले ते त्या आधीच्या आपुलकीच्या बोलण्यामुळे.

कांदा-लसणाचा इशारा प्रत्येक कोल्हापुरी घराने गांभीर्याने घ्यावा असा आहे. कांदा आणि लसूण, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत किंवा वाळवून कुटलेले असोत, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि आपल्या घरात कांदा-लसूण मसाल्याविना शिजणारा पदार्थ शोधावा लागतो. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण यांतील काहीही पिल्लाच्या ताटलीत जाता कामा नये, आणि शिजलेले हाड तर मुळीच नाही, कारण ते अणकुचीदार तुकड्यांत फुटते आणि आतडे फाडू शकते. शिऱ्यातले मनुके, द्राक्षे आणि चॉकलेट यांचीही नावे दवाखान्याने कार्डाच्या मागे ठळक अक्षरांत छापली आहेत. दारी येणाऱ्या पाहुण्याने प्रेमाने पुढे केलेला घास नाकारताना यजमानाला अवघडायला होते. तेव्हा हे कार्ड दाखवले की वाद संपतो.

घरचे अन्न द्यायला डॉक्टरांचा विरोध नाही. मात्र भात आणि उकडलेले चिकन एवढ्यावर वाढत्या पिल्लाचे भागत नाही, हे ते स्पष्ट सांगतात, आणि घरचेच द्यायचे असेल तर कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण तज्ज्ञाकडून आखून घ्यावे, असा आग्रह धरतात. आम्ही मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य निवडले. येथे एक गोष्ट विस्ताराने सांगायला हवी. पिल्लू घेताना आम्हाला एका दुकानातून, हाडे मजबूत होतात असे सांगून, कॅल्शियमची बाटली देण्यात आली होती. डॉक्टरांनी ती टेबलावर बाजूला ठेवली आणि विचारले की, पिशवीतले खाद्य पूर्ण आहार असताना वरून ही कशासाठी. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढे पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो आणि मोठ्या जातींमध्ये त्याने हाडांची वाढ वेडीवाकडी होऊ शकते. ज्या दवाखान्याच्या काउंटरवर औषधे विकायला आहेत, त्याने एक बाटली कमी विकायचे ठरवावे, ही बाब मला फार मोलाची वाटते.

लसीकरणाची पद्धत नीटनेटकी आहे. लस फ्रिजमधून आपल्यासमोर काढली जाते, कुपीवरची मुदत वाचून दाखवली जाते आणि टोचल्यानंतर कुपीवरचे लेबल सोलून कार्डावर चिकटवले जाते. पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठराविक अंतराने पुन्हा द्यावी लागते, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरतात आणि तोवर ती लसीचे काम निष्फळ करू शकतात. अनेकजण पहिल्या दोन लसी झाल्या की निर्धास्त होतात. येथे पुढच्या तारखेची आठवण फोनवर येते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर दिली जाते. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबाबत डॉक्टर विशेष आग्रही आहेत, आणि ते रास्तही आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या शहरात, विशेषतः पंचगंगा आणि जयंती नाल्याकाठच्या वस्त्यांत, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पिल्लू चालणारच, हा रोग माणसालाही होतो, आणि या लसीचे संरक्षण टिकवायला ती दरवर्षी घ्यावी लागते.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर न्यावे की नाही, हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला होता. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून जमिनीवर सोडणे धोक्याचे; पण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान पिल्लाने माणसे, वाहने, आवाज पाहिले-ऐकले नाहीत तर पुढे ते बुजरे किंवा चावरे होण्याची भीती असते. अनेक ठिकाणी 'घराबाहेर काढू नका' एवढे सांगून विषय संपवतात. या डॉक्टरांनी मधला मार्ग दिला: संध्याकाळी रंकाळ्यावर न्या, पण कडेवर घेऊनच फिरा, खाली ठेवू नका, आणि भेळेच्या गाड्यांजवळच्या गर्दीपासून थोडे दूर बसून त्याला नुसते पाहू द्या. आम्ही तसेच केले. पहिल्या दिवशी केएमटीच्या बसचा हॉर्न वाजताच सोन्याने माझ्या काखेत तोंड खुपसले होते. काही आठवड्यांत तोच हॉर्न ऐकून तो फक्त कान उचलू लागला. आज दिवाळीत फटाके वाजतानाही तो दाराशी शांत पडून राहतो, आणि त्याचे बरेचसे श्रेय मी या सल्ल्याला देतो.

सांध्यांविषयीही येथे नेमके मार्गदर्शन मिळते. नॉर्वेत लॅब्रेडॉरसह चार मोठ्या जातींवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याच्या दोषाचा धोका वाढलेला आढळला, तर मऊ जमिनीवर मोकळेपणी खेळणाऱ्यांत तो कमी होता. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर असल्याने सुरुवातीचे महिने सोन्याला उचलूनच खाली न्यावे लागले. आई त्याला साडीच्या पदरात घेऊन उतरायची. चकचकीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकत, म्हणून बैठकीच्या खोलीत जुन्या सतरंज्या अंथरल्या. लसी पूर्ण झाल्यावर गवतावर त्याला त्याच्या मनाप्रमाणे धावू द्यावे, पण साखळी लावून डांबरी रस्त्यावर दमवू नये, हेही डॉक्टरांनी बजावले.

दातांचा काळ, म्हणजे साधारण चार ते सहा महिने, प्रत्येक घराला सोसावा लागतो आणि त्यात वडिलांची कोल्हापुरी चप्पल गेली. दवाखान्याने थंड केलेले गाजर आणि टणक रबराचे खेळणे सुचवले व तेवढे पुरेसे झाले. नसबंदीची घाई डॉक्टर करत नाहीत. लॅब्रेडॉरमध्ये ती फार लवकर केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असे संशोधन असल्याने नर सहा महिन्यांचा होऊन गेल्यावर आणि मादी वर्षाची झाल्यावर या विषयावर बसून बोलू, असे ते सांगतात.

आता उणिवा. बसण्याची जागा एकच आहे आणि तीही अरुंद. आजारी कुत्री आणि लस घ्यायला आलेली पिल्ले एकाच बाकाशेजारी थांबतात. पार्व्होविषयी इतके सजग असणाऱ्या दवाखान्यात ही व्यवस्था मला खटकते आणि मी ते डॉक्टरांना सांगितलेही आहे. फरशी वारंवार औषधी पाण्याने पुसली जाते हे खरे, तरीही लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला मांडीवरच ठेवावे आणि शक्यतो आधी फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. संध्याकाळी सातनंतर रांग लांबते. एक्स-रेची सोय नाही, त्यासाठी दुसरीकडे पाठवतात. रात्री दवाखाना बंद असतो आणि फोन उचलला जाईलच असे नाही. म्हणून रात्री-अपरात्री कोठे जायचे हे पिल्लू घरी आणण्यापूर्वीच विचारून ठेवणे गरजेचे आहे. विचारल्यास मदतनीस दुसऱ्या दवाखान्याचा क्रमांक लिहून देतो.

दर भिंतीवर लावलेले आहेत आणि पावती न मागता मिळते. पहिल्या भेटीला जाताना पिल्लू जेथून घेतले तेथील लसीचे कार्ड, दिलेल्या जंतनाशकाचे नाव व तारीख, सध्याच्या खाद्याच्या पिशवीचा फोटो आणि सकाळची ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत घेऊन जावे. विष्ठा तेथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यामुळे जंताचे औषध अंदाजाने द्यावे लागत नाही. पिल्लाला निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नये, कारण रिक्षात ते ओकते, आणि काट्यावरचा आकडाही चुकतो.