पावसाळ्यात बाईक: चार महिने बंद ठेवावी की अधूनमधून चालवावी?

मे संपत आला की हा प्रश्न ठरलेला. पावसात रोजची धावपळ स्कूटरवर भागते आणि बुलेट किंवा तशीच जपलेली बाईक जूनपासून दसऱ्यापर्यंत उभी राहणार असते. कुणाची गाडी गावच्या पडवीत आणि मालक मुंबईत. कुणी सहा महिने मुलाकडे परदेशी निघालेलं. मग सल्ले सुरू होतात. निम्मे लोक सांगतात, बॅटरी काढ, झाकून ठेव आणि विसरून जा. उरलेले म्हणतात, छे, आठवड्यातून एकदा चालू कर, पाच मिनिटं रेस दे, गाडीला काही होत नाही.

माझं मत असं की बंद ठेवणं चालतं आणि चालवणंही चालतं, पण उभ्या जागी पाच मिनिटं चालू करणं तेवढं चालत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे बहुतेक लोक नेमकं तेच करतात.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी तापलेली असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जातं. पण पाच मिनिटांत सायलेन्सर टोकापर्यंत तापत नाही, वाफ आतच थंड होते आणि पाणी तळाशी साचतं. पावसाळी सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी जे थेंब दिसतात ते हेच. असं महिनोन्महिने केलं की सायलेन्सर आतून कुजतो आणि बाहेरच्या क्रोमवर मात्र काही दिसत नाही. इंजिन ऑइलचंही तसंच. पिस्टनच्या कडेने थोडी वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल चांगलं गरम झाल्याशिवाय ते उडून जात नाही.

बॅटरीचं गणित तर उलटंच पडतं. सेल्फ मारायला जेवढी वीज गेली तेवढी मंद चालणारं इंजिन पाच मिनिटांत परत देईलच असं नाही. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर चालूच राहतो, त्यामुळे बनणाऱ्या विजेतला मोठा वाटा दिवाच खातो. म्हणजे बॅटरी टिकावी म्हणून जे करतो त्यानेच ती बसते.

आता चालवायचीच असेल तर काय लागतं ते पाहू. आठवड्याला किंवा पंधरवड्याला अर्धा तास, रस्त्यावर, सगळ्या गिअरमध्ये. तेवढ्यात तेल तापतं, बॅटरी भरते, ब्रेकची डिस्क घासून साफ होते आणि टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. यासारखी दुसरी देखभाल नाही. अडचण एवढीच की पावसात हा अर्धा तास मिळायला हवा आणि परत आल्यावरचं कामही करायला हवं. मडगार्डखालचा चिखल धुवायचा, चेन पुसून तेल द्यायचं आणि मगच गाडी आत घ्यायची. चिखलासकट झाकून ठेवलेली गाडी न चालवलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते.

पुण्यात छपराखालचं पार्किंग असेल तर हे सहज जमतं, कारण पाऊस उघडीप देत पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, जिथे मोसमाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि समुद्रकाठी हवेत मीठ असतं, तिथे जुलैमध्ये कोरडा अर्धा तास शोधणं हीच एक कामगिरी होते. तिथे बंद ठेवलेलीच बरी.

बंद ठेवायचं ठरलं की पहिला वाद टाकीचा. काठोकाठ भरावी की रिकामी करावी?

पंपावर आता सगळीकडे ई-20 मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळं बसतं. या भीतीने बरेच जण टाकी रिकामी करतात. पण जरा आकडे मांडून बघा. जुन्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्येही साधारण अर्धा टक्का पाणी विरघळलेलं राहू शकायचं, ई-20 मध्ये त्याहून जास्त. तेरा लिटरच्या टाकीत अर्धा टक्का म्हणजे साठ-पासष्ट मिलिलिटर. बंद झाकणाच्या भरलेल्या टाकीत एवढं पाणी नुसत्या दमट हवेतून चार महिन्यांत येणं कठीण. पाणी येतं ते झाकणातून. पेट्रोलच्या झाकणाभोवतीची खोबण आणि तिथून खाली जाणारी बारीक नळी मातीने तुंबते, पावसाचं पाणी झाकणाभोवती तळं करतं आणि जुन्या रबरातून आत झिरपतं. म्हणून ई-20 ला नावं ठेवण्याआधी ती नळी फुंकून मोकळी करा.

माझा कौल भरलेल्या टाकीला. पत्र्याची टाकी अर्धी असली की वरच्या उघड्या पत्र्यावर ओल धरते आणि आतून गंज चढतो. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत (2020 च्या बीएस-6 प्रदूषण नियमांनंतरच्या बहुतेक सगळ्या अशाच) टाकी रिकामी करूच नये. पंप टाकीच्या आतच असतो, तो पेट्रोलमध्ये बुडालेला बरा. पेट्रोल लवकर बिघडू न देणारं औषध, म्हणजे स्टॅबिलायझर, मिळालं तर सांगितलेल्या मापाने टाका आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. हे झाल्यावर मात्र गाडीला हात लावायचा नाही.

कार्ब्युरेटरवाल्यांनी, म्हणजे इंजेक्शनच्या आधीच्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी, एक काम जास्तीचं करायचं. टाकी भरलेलीच ठेवा, पण कॉक बंद करून फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळचा स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल एखाद्या बाटलीत उतरवून घ्या. ते घोटभर पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट पिवळा थर राहतो आणि जेटच्या, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, केसाएवढ्या भोकात जाऊन बसतो. दसऱ्याला किक मारून मारून पाय दुखतात ते यामुळे. वर्षभर किंवा त्याहून जास्त उभी राहणार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा टाकी रिकामी करून आतून तेल फिरवणं योग्य. चार महिन्यांसाठी एवढा खटाटोप नको.

दुसरा वाद बॅटरीचा. काढून घरात ठेवणं एकीकडे, स्मार्ट चार्जर (बॅटरी भरली की आपोआप थांबणारा) लावून गाडीतच ठेवणं दुसरीकडे. शहरात पार्किंगमध्ये प्लग असेल तर चार्जर उत्तम, त्याला चिकटवायचं आणि सोडून द्यायचं. गावी मात्र मी काढून ठेवण्याच्याच बाजूचा. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा पडतात, लाइट जाते-येते, आणि बंद घरात चार महिने काहीही प्लगला लावून ठेवू नये. आधी निगेटिव्ह सोडवायची, मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. महिन्यातून एकदा मीटर लावून बघा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, 12.4 च्या खाली गेली की चार्ज करा. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती भरतच नाही. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते हा जुना समज, हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही. जीपीएस किंवा अलार्म बसवलेला असेल तर मात्र बॅटरी जोडून ठेवणं म्हणजे तिला रोज थोडं थोडं उतरवून संपवणं.

बाकीच्या गोष्टी पटकन. ऑइल बदलायचंच असेल तर उभी करण्याआधी बदला, नंतर नव्हे, कारण जुन्या तेलातली ओल आणि आम्ल चार महिने बेअरिंगला लागून राहतात. चेन साफ करून नव्वद नंबरचं गिअर ऑइल. टायरमध्ये हवा थोडी जास्त आणि गाडी डबल स्टँडवर. साइड स्टँडच असेल तर खाली लाकडाची फळी.

झाकण्याबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत. पूर्ण प्लॅस्टिकचं कव्हर उघड्यावर चालतं, पण छपराखाली ते वैरी. खालून जमिनीची वाफ वर येते, आत अडकते आणि सकाळी टाकीवर दव धरलेलं दिसतं. छपराखाली जुनी सुती चादर पुरते. आणि कव्हर कुठलंही असो, सायलेन्सरचं आणि एअर फिल्टरचं तोंड बंद करा. सायलेन्सरच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते, एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर कापसाचं. फडक्याचा बोळा कोंबायचा, आणि तो लाल रंगाचा असू द्या, म्हणजे काढायचा राहत नाही. वायरिंगसाठी डांबरगोळ्या लोक ठेवतात. पण भाताचं पोतं शेजारी असेल तर डांबरगोळ्यांचा काही उपयोग नाही, आधी पोतं हलवा.

तर निवड कशी करायची? तुम्ही स्वतः गाडीजवळ राहता, छप्पर आहे आणि पंधरा दिवसांतून एकदा खरोखर अर्धा तास काढणार असाल तर चालवा. नवी इंजेक्शनची गाडी असेल तर डोळे झाकून हाच पर्याय. कोकणात, उघड्या अंगणात किंवा तुम्ही गावाबाहेर असाल तर बंद करा, विशेषतः कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर. आणि बंद केल्यावर किल्ली कुणाकडे ठेवू नका. शेजारचा पोरगा प्रेमाने “काका, मी दर रविवारी चालू करून ठेवतो” म्हणतो तेव्हा तेलही जातं, तूपही जातं.

मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर धरतात, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागेच. पूजेच्या सकाळी गाडी उघडू नका, चार दिवस आधी उघडा. बोळे काढा, हवा बघा, ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा, पॅड डिस्कला धरलेले असतात. मग बॅटरी. आणि रस्त्यावर काढण्याआधी कागद: उभ्या गाडीचीही पीयूसीची मुदत संपतेच, आणि विमा संपून 90 दिवस उलटले की नो-क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. विमा जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर गाडी झाकण्याआधीच भरून टाका.